एक आवर्तन उशिरा

आमचे हे चहा मागायला तोंड उघडतात, त्याच्या आधीच माझा हात चहाच्या डब्याकडं गेलेला असतो. चौतीस वर्षांचा संसार आहे. त्यांचं पुढचं वाक्य मला मागच्या वाक्यातच ऐकू येतं. "अगं" जरा लांबवून म्हणाले तर चष्मा सापडत नाहीये. "अगं" म्हणून पुढं गप्प बसले तर दूध उतू गेलंय आणि ह्यांनी ते नुसतं उभं राहून बघितलंय. या माझ्या ज्ञानाचा मला फार अभिमान होता. ही गोष्ट घडल्यापासून तो जरा कमी झालाय.

मी महानंदा आवटी. मिरजेत तीस वर्षं तबला शिकवते. सुरुवातीला लोक क्लासच्या खिडकीतून डोकावून बघायचे, बाई खरंच तबला वाजवते की नुसती मांडून बसते ते. आता डोकावत नाहीत, आपल्या मुलींना घेऊन आत येतात. हे म्हणजे प्रभाकर आवटी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पेटी बरी वाजवतात. बरी म्हणजे लेहरा धरण्यापुरती. लेहरा म्हणजे पेटीवरची एक छोटीशी धून. तीनतालाची असली तर सोळा मात्रांची. ती गोल गोल फिरत राहते आणि तबलजी तिच्यावर आपलं काम दाखवतो. एक फेरी म्हणजे एक आवर्तन. फेरीची पहिली मात्रा ती सम. तबलजीनं मधे कुठंही भटकावं, पण समेला घरी हजर पाहिजे. एवढं लक्षात ठेवलंत की पुढं कुठं अडायला होणार नाही.

ह्यांच्यात एकच खोट. खूश झाले की लय वाढवतात.

साथीच्या रोगाच्या त्या वर्षांत सगळे क्लास पडद्यावर गेले, ते पुढं पुरते परत आलेच नाहीत. आज माझे निम्मे विद्यार्थी भिंतीवरच्या पडद्यातून शिकतात. त्यातली सगळ्यात लांबची यामिनी तोडणकर. मूळची जयगडकडची. सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होती तेव्हा चार वर्षं माझ्याकडं सायकलवर यायची. पुढं मालवाहू जहाजावर इंजिनिअर झाली. आठ-आठ महिने पाण्यावर. निघाली त्या दिवशी मी तिला माझा स्वतःचा शिसवी तबला दिला आणि सांगितलं, "बोटं गंजू देऊ नकोस, नाहीतर मी बंदरावर येऊन मारीन."

रविवारी सकाळी नऊला तिचा क्लास. पहिली दोन वर्षं म्हणजे निव्वळ छळ होता. मी टाळी द्यायची ती तिला अर्ध्या सेकंदानं ऐकू जायची, तिचा बोल मला आणखी अर्ध्या सेकंदानं. मध्यलयीत हा फरक एका मात्रेहून जास्त होतो. एक मात्रा मागं पडलेला तबला म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या लग्नात वाजणारा बँड. एकत्र वाजवणं शक्यच नव्हतं. ती एकटी वाजवायची, मी ऐकायची, मग मी वाजवायची, ती ऐकायची. पत्रानं संसार केल्यासारखं चाललं होतं.

"हे इंटरनेट नीट का करत नाहीत हो?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अगं, इंटरनेट काय करणार? जहाजाचा सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाला जातो, तिथनं खाली येतो. प्रकाशाच्या वेगानं आला तरी पाव सेकंद गेलाच की. मग आवाज आणि चित्र बांधायचं, सोडायचं, त्याला आणखी पाव सेकंद. बांधाबांध सुधारता येईल. प्रकाशाला कोण घाई करणार?"

पण घाई करणारं कुणीतरी निघालं. दीड वर्षापूर्वी 'निकट' नावाची एक नवी सोय बाजारात आली. संगीताच्या शिक्षकांसाठी म्हणून खास. यामिनीनं तिच्या बाजूनं घेतली, आम्ही आमच्या. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधायच्या, समोर कॅमेरा, आणि आधी तीस तासांचा रियाज त्या यंत्राला ऐकवायचा.

हे माहितीपत्रक वाचून आले आणि वर्गात शिकवल्यासारखे उभं राहून सांगायला लागले. "हे बघ, बोट तबल्याच्या पुडीवर पडायच्या आधी कोपराखालचा स्नायू आवळतो. पट्टीला ते आधीच कळतं. पण तेवढ्यानं अर्धा सेकंद भरून निघत नाही. बाकीचं सवयीवरनं. यामिनी कुठल्या बोलानंतर कुठला बोल वाजवते, कुठं दम घेते, कुठं डग्गा दाबते, ते सगळं यंत्र शिकून घेतं. मग ती अर्ध्या सेकंदानंतर काय वाजवणार याचा अंदाज बांधतं आणि तो आपल्याला आत्ताच ऐकवतं. आवाज पण, चित्र पण."

"म्हणजे तुमच्या चहासारखं."

"म्हणजे?"

"काही नाही. बसा, आधण ठेवलंय."

पहिल्या रविवारी ह्यांनी लेहरा धरला, यामिनीनं ठेका सुरू केला आणि सोळा मात्रांनी ती आणि पेटी समेवर एकदम आली. एकदम! कुठं तरी मादागास्करच्या पुढं समुद्रात असलेली मुलगी मिरजेतल्या पेटीबरोबर समेवर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी लय वाढवली. यामिनी पडद्यात हसत होती आणि वाजवत होती. त्या दिवशी आम्ही साडेअकरापर्यंत थांबलो नाही, आणि आमटी करपली ती करपलीच.

सुरुवातीला थोडं अडखळायचं, पण दोन महिन्यांत यामिनीचा हात असा साफ झाला की मी थक्क झाले. चूक शोधून सापडेना. बोलांची बांधलेली रचना म्हणजे कायदा म्हणा, तिची उलटापालट करून केलेले पलटे म्हणा, जे शिकवीन ते पुढच्या रविवारी जसंच्या तसं समोर. समुद्रावर दुसरं करायला काही नसेल, पोरगी रियाज करत असेल, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते.

अशी दीड वर्षं गेली. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी क्लास संपल्यावर ती पट्ट्या न सोडता तशीच बसून राहिली.

"ताई, जानेवारीत मुंबईला उतरतेय. मिरजेला येऊ?"

"विचारतेस काय? ये की."

"ताई, तेव्हा... गंडा बांधाल?"

गंडा म्हणजे गुरूनं चार जाणत्यांसमोर शिष्याच्या मनगटाला बांधायचा धागा. तो बांधला की ते मूल त्या घराण्याचं झालं. माझे गुरुजी (त्यांचं नाव निघालं की माझा हात कानाच्या पाळीला जातो, आत्ताही गेला) म्हणायचे, हात तयार झाला म्हणून गंडा बांधायचा नाही, त्या हातात स्वतःचं काहीतरी उगवायला लागलं की बांधायचा. त्याला आम्ही उपज म्हणतो. शिकवलेलं वाजवता वाजवता तिथल्या तिथं सुचलेलं. तीस वर्षांत मी दोनच गंडे बांधले.

आणि यामिनीत मला उपज दिसत नव्हती. हे मला कधीचं टोचत होतं. एवढी हुशार पोर, सायकलवरनं येताना चाकाच्या खडखडाटावर बोल म्हणणारी. तिचा हात इतका शहाण्यासारखा का झाला, ते मला कळत नव्हतं. पण गुरूनं खोटं बोलायचं नसतं.

"यामिनी, हात स्वच्छ आहे. मला बोट ठेवायला जागा नाही. पण दीड वर्षं मी ऐकतेय आणि त्यात मला तू कुठं सापडली नाहीस. मी दिलेलं मला परत मिळतंय, एवढंच. गंडा आत्ता नको."

तिनं मनगटाच्या पट्ट्या सोडल्या. मग म्हणाली, "बरं, ताई."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "फार कडक बोललीस."

"खरं बोलले."

"ते आहे म्हणा," ते म्हणाले, पण पेटीचा भाता त्यांनी जरा जोरातच बंद केला.

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी नऊला हजर. माझ्या जिवाला बरं वाटलं. ह्यांनी लेहरा धरला, तिनं कायदा सुरू केला. मी मांडीवर ताल देत होते. छान चाललं होतं. दहा-बारा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. क्लासमध्ये मी फोन घेत नाही, पण नंबर परदेशी होता, म्हणून घेतला.

"ताई, सॉरी हां," फोनमधून यामिनी बोलत होती. मागं कसला तरी भोंगा चालू होता. "अर्धवट उठून आले. पंपाचा अलार्म वाजला. तेवढ्यात लाइन पण गेली वाटतं. तुम्ही वाट बघत असाल म्हणून जहाजाच्या फोनवरनं..."

मी पडद्याकडं बघितलं. पडद्यावर यामिनी कायदा वाजवत होती. मान थोडी उजवीकडं, तिच्या सवयीप्रमाणं. डग्ग्यावरचा तळवा, बोटं, सगळं. ह्यांची पेटी चालू होती. यामिनी समेवर आली आणि ह्यांनी समाधानानं मान हलवली.

"तू कुठं आहेस आत्ता?" मी विचारलं.

"इंजिन रूममध्ये. सहा-सात मिनिटं झाली की, ताई. का हो?"

मी पेटीवर हात ठेवून ह्यांना थांबवलं. लेहरा थांबला तरी ती पडद्यातली यामिनी आणखी दोन आवर्तनं वाजवत राहिली, मग गोठली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी आलेलं होतं. माझा चष्मा खिडकीत होता. ह्यांनी वाचलं, "जोडणी तुटली आहे. अंदाज चालू आहे."

"ताई?" फोनमधून आवाज आला. "एक सांगायचं होतं. मी खूप विचार केला. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. जानेवारीत तुमचा तबला आणून देते. ज्याच्या हातात काहीतरी आहे अशा कुणाला तरी द्या. पुढच्या रविवारी शेवटचा क्लास करते, मग बंद करूया."

भोंगा वाढला, आणि फोन कट झाला.

सहा मिनिटं मी कुणाला ताल देत होते? आणि सहा मिनिटं कळलं नाही, तर दीड वर्ष मी कुणाला ऐकत होते?

"अहो, ती जे वाजवते तेच आपल्याला ऐकू येतं ना?"

हे खुर्ची ओढून समोर बसले. "ती बहुतेक जे वाजवेल, ते ऐकू येतं."

"आणि तिनं दुसरंच वाजवलं तर?"

"तर खरा आवाज अर्ध्या सेकंदानं येतो. पण तोवर अंदाजाचा वाजून गेलेला असतो. वाजलेलं मागं घेता येत नाही. म्हणून यंत्र खरा आवाज गिळतं आणि पुढचा अंदाज सुधारून घेतं. आपल्याला सगळं गुळगुळीत मिळतं."

"गिळतं म्हणजे फेकून देतं?"

ते उठून यंत्रापाशी गेले आणि माहितीपत्रक काढून बसले. माझ्याकडं चहा मागायचाही त्यांना धीर नव्हता, इतकं माझं तोंड झालेलं असणार. अर्ध्या तासानं म्हणाले, "फेकत नाही. नोंदवून ठेवतं. इथं 'फरक' म्हणून एक कप्पा आहे. जिथं जिथं तिचं खरं वाजवणं अंदाजापेक्षा वेगळं निघालं, ते सगळे तुकडे लेहऱ्यासकट इथं आहेत."

"किती?"

"चारशे बारा."

सोमवारी सकाळी आम्ही ऐकायला बसलो. पहिले साठ-सत्तर तुकडे सरळसरळ चुका होत्या. बोट घसरलं, मात्रा खाल्ली, डग्गा उशिरा आला. मी प्रत्येक चुकीला "ही चूक, ही पण चूक" म्हणत होते, आणि हे कागदावर फुल्या मारत होते. माझी तर आशाच सुटत चालली होती.

मग एक तुकडा आला. कायदा सरळ चालला होता. नवव्या मात्रेला यामिनीनं हात उचलला आणि ठेवलाच नाही. मोकळी जागा सोडली. दहावी गेली, अकरावी अर्धी गेली. मग मागच्याच ओळीचं शेपूट पकडून तिनं ते उलटं फिरवलं, एकदा, दोनदा, जरा तिरकं.

"हीसुद्धा चूक?" ह्यांनी फुली मारायला पेन टेकवलं.

"थांबा!" मी ओरडलेच. माझी बोटं आपोआप मोजायला लागली होती. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, आणि धा! समेवर. एका केसाचाही फरक नाही.

"परत लावा."

परत लावलं. पाच वेळा लावलं. पाचही वेळा ती भटकून समेला घरी आली. चुकणारा असा परत येत नाही. चुकलेला माणूस समेला भलतीकडंच असतो आणि तोंड लपवतो. ही जाणूनबुजून गेली होती आणि वाट माहीत असल्यासारखी परत आली होती. असं मी तिला कधी शिकवलं नव्हतं. असं मला स्वतःलाही सुचलं नव्हतं.

मी पदर डोळ्याला लावला. हे कागद ठेवून माझ्याकडं बघत होते.

"अहो, त्या यंत्राला एवढं कळलं नाही?"

"कसं कळणार? त्याला चूक काय आणि उपज काय, दोन्ही सारखंच. दोन्ही अनपेक्षित."

"मग तुम्हाला कळलं?"

"मी फुलीच मारणार होतो," ते म्हणाले. "तुला कळलं."

बुधवारपर्यंत आम्ही सगळे चारशे बारा तुकडे ऐकले. त्यातले एकशे एकोणीस समेवर येणारे होते. काही साधे, काही असे की ऐकून मी उठून खोलीभर फिरले. पण तारखा लावून बघितल्यावर माझा आनंद उतरला. यंदाच्या मार्चमध्ये बत्तीस. एप्रिलमध्ये सत्तावीस. मग जूनला अकरा. ऑगस्टमध्ये चार. ऑक्टोबरात एकही नाही.

"यंत्र शहाणं झालं असेल," हे म्हणाले. "तिची उपजही ओळखायला लागलं असेल."

"नाही हो." मला सगळं समजलं होतं, आणि समजून जीव कासावीस झाला होता. "तिनं पहिल्यांदा अशी उडी मारली तेव्हा मी काय केलं असेल? काहीच नाही. मला तर सरळ कायदाच ऐकू आला. मी मान हलवून पुढं गेले. तिनं परत केलं. मी परत गप्प. आमच्याकडं गुरू गप्प राहिला याचा एकच अर्थ असतो."

"मग विचारायचं की."

"गुरूला कुणी विचारतं का, कसं वाटलं म्हणून? मी गुरुजींना उभ्या जन्मात विचारलं नाही." हात कानाला गेला. "तिला वाटलं, ताईंना हे आवडत नाही. म्हणून तिनं सोडून दिलं. यंत्राला जशी हवी होती तशी ती झाली, आणि वर मीच तिला म्हणाले, तू मला सापडत नाहीस."

बोलता बोलता मला रडू आलं. ह्यांनी पाणी आणून दिलं.

यामिनीला मी फोन लावला तो लागला नाही. निरोप लिहायला घेतला आणि पुसला. लिहून काय पटणार होतं? गुरूला दया आली, समजूत काढतायत, असंच तिला वाटलं असतं. वाजवणाऱ्याला वाजवतानाच दाद मिळावी लागते, नंतर पाठवलेली दाद म्हणजे थंड भजी. पण दाद द्यायची तर तिचा खरा हात ऐकू यायला हवा. आणि अंदाज बंद केला, की पुन्हा तो अर्धा सेकंद.

गुरुवारी आम्ही अंदाज बंद करून बिदरच्या एका विद्यार्थ्याबरोबर प्रयत्न केला. त्याच्या बाजूनं मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा उशीर लावून. काय सांगू? पेटी पुढं, तबला मागं, दोघं एकमेकांना शोधतायत. दहा मिनिटांत माझं डोकं उठलं.

"राहू दे," मी म्हणाले. "उशीर तो उशीरच."

हे पेटीवर हनुवटी टेकवून बसले होते. मी उठून स्वयंपाकघराकडं निघाले, कारण आता "अगं, चहा" येणार हे मला माहीत होतं.

"अगं," ते म्हणाले.

"ठेवते, ठेवते."

"चहा नको. अगं, अर्धा सेकंद उशीर वाईट. पण पुरं एक आवर्तन उशीर झाला तर?"

मी दारातच थांबले.

"हे बघ. लेहरा गोल आहे ना? मागच्या फेरीत तोच, या फेरीत तोच. यामिनीचा आवाज अर्ध्या सेकंदात येतो. तो आपण लगेच ऐकायचाच नाही. धरून ठेवायचा. नेमका सोळा मात्रांनी सोडायचा. तिची सम आपल्या पुढच्या समेवर पडेल. तिच्या बाजूनं पण तसंच. ती आपली मागच्या फेरीतली पेटी ऐकेल, पण पेटी तीच, सम तीच. कुणी कुणाचा अंदाज करायला नको. सगळं खरं, फक्त एक आवर्तन उशिरा."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचं पुढचं वाक्य मला आधी ऐकू आलं नव्हतं.

"एकच अट आहे," ते जरा ओशाळून म्हणाले. "लय तसूभरही हलता कामा नये. मला."

"मग झालं कल्याण," मी म्हणाले. पण मला हसू आवरेना, आणि मग चहा ठेवला तो मला हवा होता म्हणून.

शुक्रवार-शनिवार त्यांनी यंत्राशी झटापट केली आणि उरलेला वेळ कानात लयीचा ठोका लावून लेहऱ्याचा रियाज केला. मी आत भाजी चिरताना मुद्दाम "वा!" म्हणायची, लय वाढते का बघायला. दोनदा वाढली. तिसऱ्यांदा नाही.

रविवारी नऊला यामिनी आली. तबला आधीच कापडात बांधून शेजारी ठेवलेला होता. बोलताना अंदाज नको, असं सांगून आम्ही तो बंद केला होता, त्यामुळं प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबावं लागत होतं.

"ताई, आज काय वाजवू?"

मी दोन्ही हातांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि तिच्यासमोर मान खाली घातली. अर्ध्या सेकंदानं ती दचकली.

"ताई! असं काय करताय? सर, सांगा की त्यांना!"

"तिला करू दे," हे म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. सहा मिनिटांचं, फरकाच्या कप्प्याचं, एकशे एकोणीस तुकड्यांचं. तारखांसकट. ती ऐकत होती. मार्चमधल्या त्या मोकळ्या सोडलेल्या नवव्या मात्रेचं सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं?"

"नाही गं."

"मला वाटलं, आवडलं नाही. आगाऊपणा झाला. म्हणून बंद केलं."

"विचारायचं होतंस."

"ताई, असं विचारतात का?"

"आजपासून विचारायचं," मी म्हणाले. "आता कापडातनं तबला सोड. माझा नाही, तुझा तबला सोड. आणि मी सांगते ते ऐक."

तिला आवर्तनाच्या उशिराचं समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. इंजिनिअर ती. उलट ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "सर, लय सांभाळाल ना?" सगळ्या शिष्यांना ह्यांची खोट माहीत आहे.

ह्यांनी लेहरा धरला. पहिलं आवर्तन नुसतं. दुसरं नुसतं. तिसऱ्याच्या समेवर, अगदी समेवर, यामिनीचा ठेका आला. मला तो वेगळाच वाटला. डग्ग्यात थोडी घरघर होती, तिच्या श्वासाचा आवाज होता, खाली कुठंतरी जहाजाचं इंजिन धडधडत होतं. दीड वर्ष हे सगळं मला गाळून मिळत होतं.

पण ती सरळच वाजवत होती. कायदा, पलटा, कायदा. जसंच्या तसं. पाच आवर्तनं गेली, दहा गेली. सवय लागली होती तिला. मला भीती वाटायला लागली की आम्ही उशीर केला. मी मनात म्हणत होते, जा गं, जा कुठंतरी.

अकराव्या आवर्तनात तिचं बोट घसरलं. चक्क चुकली. मात्रा खाल्ली आणि गडबडीत कशीबशी सावरली.

"चुकली!" मी आनंदानं ह्यांच्या दंडाला धरलं. "अहो, चुकली ती!"

ह्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, हात सोड, लय आहे.

पुढची दोन आवर्तनं ती सावधपणे वाजवत राहिली. मग तेराव्याला, नवव्या मात्रेला, तिनं हात उचलला. आणि ठेवला नाही. मी श्वास रोखला. दहावी रिकामी गेली. अकरावी रिकामी. बारावीही रिकामी, मार्चमध्ये एवढं धाडस नव्हतं. खाली फक्त इंजिनाची धडधड ऐकू येत होती, आणि तेव्हा मला कळलं की ती त्या धडधडीला जागा देत होती. मग तिनं त्यातलाच एक झोका उचलला, बोटांवर घेतला, तीनदा फिरवला, तिसऱ्यांदा आता नक्की पडणार असं वाटेपर्यंत ताणला.

आणि धा. समेवर.

"क्या बात है!" मी पूर्ण गळा लावून ओरडले. माझा हात हवेतच राहिला होता. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण लेहरा तसूभर हलला नाही. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला लेहरा तो.

पडद्यावर यामिनी गंभीर चेहऱ्यानं वाजवतच होती. तिला काहीच कळलेलं नव्हतं. माझी दाद अजून वाटेत होती. सोळा मात्रांनी ती तिला पोचणार होती, आणि तिचा चेहरा आम्हाला दिसायला आणखी सोळा. मी मांडीवर मोजायला लागले. एक आवर्तन गेलं. ती सरळ ठेक्यावर आलेली, ओठ घट्ट, जरा घाबरलेली. दुसरं आवर्तन सुरू झालं. आठ, नऊ, दहा. हे पण मोजत होते, मला त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. चौदा, पंधरा, सोळा.

समेवर यामिनीनं मान वर केली. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग ती हसली, सांगलीच्या दिवसांत सायकलवरनं उतरताना हसायची तशी, आणि तिचा हात मोकळा सुटला.

"तबला परत आणायचा नाही," मी पडद्याकडं बघून म्हणाले. "जानेवारीत नुसतं मनगट घेऊन ये."

तिला ते ऐकू जायला अजून सोळा मात्रा होत्या. मला घाई नव्हती.